टेबलाच्या पायावरचा 'ई'

जुन्या लाकडी सामानाचं वय मला नुसत्या वासावरून कळतं, अशी त्या काळी माझी ठाम समजूत होती. सोलापुरात एका वकिलांकडे मी कारकुनी करत होतो. बदली झालेल्या गोऱ्या साहेबांच्या सामानाचे लिलाव बघून बघून मी पंडित झालो होतो. घ्यायचं काहीच नसे, पण खुर्च्या मात्र सगळ्या उलट्या करून बघायचो. मला पाहिलं की लिलाववाला कपाळाला हात लावायचा.

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात एक गोल टेबल होतं. एकदा ते सरकवताना त्याचा एक पाय निखळून माझ्या हातात आला. खाचेत बसणाऱ्या टोकावर चक्क इंग्रजी 'ई' कोरलेला! मग काय विचारता. "विलायती कारागिराच्या नावाचं आद्याक्षर! काम शंभर वर्षांपूर्वीचं," असं मी जाहीर करून टाकलं. साहेब हरखले. एक गोरे अधिकारी नोकरी संपवून विलायतेला निघाले होते, त्यांना हेच टेबल भेट द्यायचं ठरलं. उरलेले तीन पाय काढून बघावेत एवढी अक्कल काही मला सुचली नाही.

पाय बसवायला साखर पेठेतला एक तेलुगू सुतार आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. त्याने चारही पाय सोडवून ओळीने मांडले. निखळलेला पाय उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवत बसला. मी लगेच माझं व्याख्यान सुरू केलं: विलायती 'ई', शंभर वर्षांचं काम, बोटीने विलायतेला जाणारी भेट.

"ई न्हाय ओ सायेब," तो म्हणाला. "तेलुगू आकडं हायती. येक, दोन, तीन, चार. कुटला पाय कुटं बसवायचा त्ये. ह्यो तीन हाय, उलटा काडलेला. माज्या बापाला तीन कदी सरळ जमलाच न्हाय. चुलता लई हसायचा त्येला."

बाप प्लेगात गेला तेव्हा हा पाच वर्षांचा होता. साथीच्या भीतीने सरकारी माणसांनी घर मोकळं केलं, होतं नव्हतं ते जाळलं. बापाच्या हातचं काम त्याने आज पहिल्यांदाच पाहिलं होतं. "वकीलसायबास्नी सांगा की," तो म्हणाला. "न्हाय तर जाईल हे बोटीनं."

तेवढ्यात साहेबच आत आले. "काय रे, पक्कं विलायतीच ना? मी शब्द देऊन बसलोय."

माझी विद्वत्ता पणाला लागली होती. "पक्कं," मी म्हणालो.

सुतार खाली मान घालून काम करत राहिला. चारही पाय बसवले, हलवून पाहिले, टेबल फडक्याने पुसलं. दोनदा पुसून झालेली कड त्याने पुन्हा एकदा पुसली. साहेब आत गेल्यावर हत्यारं गोळा करत तो मला अगदी साधेपणाने म्हणाला,

"शंभर वर्सं म्हनला न्हवं तुमी? तवा तर माजा बाप जन्मला बी न्हवता की."