उभ्यानं खाल्लेलं

मुलगी दारातून आत आली की कुंदाताई आधी तिचं तोंड हुंगायच्या. तिला चप्पल काढायचीही उसंत नसे. “आ कर,” म्हणायच्या, नाक जवळ न्यायच्या आणि मग आमच्या खिडकीकडे बघायच्या. बोरगाव मेघेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे संशयाची पहिली मानकरी मीच.

“खरं सांगजो माधुरी, गोरसपाकाची बिस्किटं तूच देतं ना इले? पोरगी हवेवर तं फुगून नाई राह्यली.”

मी कानावर हात ठेवायची. मग पाळी यायची शाळेतल्या मैत्रिणींची, कोपऱ्यावरच्या आलूबोंडेवाल्याची, त्यांच्याच घरातल्या सासूबाईंची. त्यांची सावी पाचवीत होती. जिना चढली की धापा टाकायची. कुंदाताईंच्या आईचा पाय मधुमेहानं कापावा लागला होता. तेच लेकीच्या वाट्याला येईल, या भीतीनं त्यांना झोप लागत नसे. मला त्यांचा राग यायचा, पण म्हणूनच तो टिकायचा नाही.

एकदा डॉक्टरांकडून तणतणत आल्या. “पोरीले दाखवाले गेलतो, तं मलेच काट्यावर उभं केलं. अन् इचारते, तुम्ही काय खाता? मी तं काईच खात नाई. दोन पोळ्या, त्याबी साऱ्याईचं झाल्यावर.”

खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ताटात वाढून, बसून खाल्लं तेच खाणं. सावीच्या ताटात उरलेला भात, नवऱ्यानं टाकलेला वडा, कढईला लागलेली भाजी, हे सगळं ओट्याशी उभ्यानं तोंडात जायचं. ते खाणं नव्हतं, अन्न वाया जाऊ न देणं होतं. आमच्याकडच्या बायका असंच करतात, मीही करायची. त्यामुळे माझ्याही डोक्यात काही आलं नाही. उलट हीच सावीला चोरून देत असेल म्हणून मी माझ्या लेकीकडे, रेणूकडे संशयानं बघू लागले आणि गोरसपाकाचा डबा वरच्या फळीवर ठेवू लागले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी पोरींनी आमच्या ओसरीवर भातुकली मांडली. सावी आई, रेणू तिची लेक. मुरमुऱ्यांचा भात, गूळ-फुटाण्यांची भाजी. खाऊ देताना मला रंगेहाथ पकडावं म्हणून कुंदाताई पाय न वाजवता आल्या आणि खांबाआड उभ्या राहिल्या. मला त्या आतून दिसत होत्या.

रेणूनं अर्धं टाकलं. सावी उठली, ते उभ्या उभ्याच तोंडात कोंबलं, भांडं बोटानं पुसून चाटलं आणि कमरेवर हात ठेवून थेट आईच्या सुरात म्हणाली, “मी तं आज उपाशीच आहो वं माय.”

रेणू खिदळली. कुंदाताई हसल्या नाहीत. सावीचा हात धरून घरी गेल्या. त्या दिवशी त्यांनी तिचं तोंड हुंगलं नाही.

मग त्या लेकीबरोबर ताट घेऊन बसू लागल्या. उरलेलं टाकवत नसे, म्हणून वाढायच्याच कमी. सासूबाईंना हे सगळे थेर वाटले. सावी काही लगेच बारीक झाली नाही, पण जिन्यात थांबायची ती थांबेनाशी झाली.

पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे त्या तळेगावला निघाल्या, तेव्हा मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताटं उचलताना रेणूची उरलेली पोळी सवयीनं माझ्या तोंडाकडे निघाली. कुंदाताईंनी माझं मनगट धरलं. नजर तीच, जुनी, संशयाची.

“पाहिजे असन तं ताटात घे अन् बसून खाय,” त्या हळूच म्हणाल्या. “मांगं पाह्य जरा.”

मागे ओट्याशी रेणू उभी होती. तिच्या हातात बाबांच्या ताटातला उरलेला वडा होता.