रोवणा झाला का, विचारणारी नावाडीण

भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं... असल्या गोष्टींवर मी हसणारी बाई. मेलेल्या सवतीची चांदीची पुतळी गळ्यात घालून सारा जन्म काढला, नवं लुगडं आधी तिला दाखवून मग नेसली, पण ते आपलं रीत म्हणून! मेलेलं माणूस परत येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. खरं सांगते, माहीत होतं म्हणूनच सुखानं राहिली.

आमचं घर नवेगाव बांध इथं, तलावापासून जवळच. मागच्या दिवाळीत नात मृणाल नागपूरहून आली, ती फाशांचा एक खेळ घेऊन. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले योद्धे-जादूगार व्हायचं. वाटेत जी इतर माणसं भेटतात — दुकानदार, पहारेकरी — त्यांच्या तोंडचं गोष्ट सांगणारीच बोलते. त्यांना एनपीसी म्हणतात.

दुपारची वेळ. छपरीत पोरं गोल बसलेली, बाजूला खाटेवर आमचे हे. लकवा मारल्यापासून दिवसाकाठी चार शब्द बोलले तरी खूप. मी तिथंच शेगडीवर चिवडा करून राहिली होती. खेळातली पोरं एका काळ्या नदीवर पोचली. तिथं म्हातारी नावाडीण. ही कोडं घालेल, असं मृणालनं लिहून ठेवलं होतं म्हणे. पण पोरीनं तोंड उघडलं आणि कोडं नाहीच... खाटेकडे पाहून बोलली,

"रोवणा झाला का जी? आता तरी नेता का मले?"

नागपूरची कॉन्व्हेंटची पोरगी! आमची बोली तिला अर्धी समजते, बोलता तर येतच नाही. आणि लोक धान कापून राहिले तेव्हा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कोण विचारते?

ह्यांनी मान उचलली. "झाला. चाल, जाऊ." अगदी साफ बोलले.

माझा चिवडा करपला.

संध्याकाळी ह्यांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा तुटक तुटक सांगितलं. यमुना, म्हणजे माझी सवत, लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहेरी जायचं म्हणून मागे लागली होती. माहेर सालेकशाकडचं. हे म्हणाले, रोवणा होऊ दे, मग नेतो. रोवणा संपायच्या आत ती तापानं गेली. हे ह्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही! एवढा संसार केला, नातवंडं झाली, अन् एक गोष्ट तिच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली. भीती वाटली म्हणू? आधी आग झाली अंगाची.

दुसऱ्या दिवशी मीच खेळात जाऊन बसली. मृणाल म्हणाली, आजी, तू कोण होणार, जादूगार? म्हटलं, मी ह्यांची बायको. बोलाव तुझ्या नावाडणीला.

पोरं हसली. मी हसली नाही. सरळ सांगितलं, "त्यायले पलीकडं न्याले आली असशील तर वापस जाय. माझा माणूस मी देत नाही."

मृणालचा आवाज खाली गेला. "मी कायले नेऊ? त्यायनंच मले नेतो म्हटलं व्हतं."

एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही... ह्यांच्याकडेच पाहून राहिली.

मग मुलाला गाडी काढायला लावली, तिच्या माहेरी जायला. जाताना हे दाराला चिकटून बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. मी ओढलं तरी सरकले नाहीत. तिच्या माहेरच्या घराच्या जागी आता दुसऱ्याचं खळं आहे. गाडीतूनच पाहिलं अन् म्हणाले, "पोचली." येताना आपणहून माझ्याजवळ सरकले, हातावर हात ठेवला. मी हात काढला नाही, पण घर येईपर्यंत तोंड खिडकीकडंच ठेवलं.

ते कोण बोललं, मृणालला सांगता येत नाही, मला तर नाहीच. त्यानंतर तिनं ती नावाडीण कितीदा खेळात काढली. कोडंच घालते, तेही शहरी बोलीत.

हे मात्र आता बरे बोलतात. परवा मला म्हणाले, "तुले कुठं जाचं हाय का?" साऱ्या जन्मात पहिल्यांदा विचारलं. मी अजून ठरवून राहिली. जागा अशी पाहिजे, जिथं जायचं यमुनेच्या कधी मनातही आलं नसेल.