पाळणागाडीचे पाच हजार किलोमीटर

“गाडी किती चालली ते विचारू नका, किती राबली ते विचारा,” असं चिमूटमामा म्हणायचे. नव्या ड्रायव्हरला म्हणायचे, जुन्या साहेबाला म्हणायचे, आणि समोर कुणीच नसलं तर कचरागाडीच्या चाकाला म्हणायचे. चाकाने निदान कधी उलट उत्तर दिलं नाही.

शहराच्या कामाच्या गाड्या जिथे उभ्या राहतात, त्या आवारात मामा मिस्त्री होते. कचरा दाबणाऱ्या गाड्या, गटाराचा गाळ ओढणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर, आणि रस्त्यावरचे दिवे बदलायची एकच एक पाळणागाडी. या गाड्यांचा जीव तेलात असतो. इंजिनातलं तेल वेगळं, ते इंजिनाला झिजू देत नाही. हायड्रॉलिकचं तेल वेगळं. ते पंपातून दाबाने धावतं आणि लोखंडाचा अवजड हात फुलासारखा वर उचलतं. मामा टाकीत काडी बुडवायचे, थेंब चिमटीत घ्यायचे, घोळायचे, हुंगायचे आणि डोळे मिटायचे. सगळं आवार श्वास रोखून उभं राहायचं. मग निकाल यायचा. “जळलंय.” किंवा, “पाणी शिरलंय.” किंवा, “जाईल अजून महिना.” निकालावर अपील नव्हतं. या चिमटीमुळेच ते चिमूटमामा.

घरीही सवय सुटली नव्हती. मामी कढईत तेल ओतायला गेली की बाटली आधी मामांच्या नाकाखाली.

“जेवायचंय की गाडीत ओतायचंय?” मामी विचारायची.

मामा उत्तर देत नसत. नाक कामात असताना तोंडाने मध्ये बोलू नये, असं त्यांचं मत होतं.

अशा या माणसाच्या नोकरीचे शेवटचे तीन आठवडे उरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्याच्या दोन वर्षं आधी आवारात तक्तासाहेब आले होते. साहेब हुशार होते. गाडीच्या खाली ते कधी वाकले नाहीत. पण वरच्या खोलीत बसून त्यांनी चार रंगांचा एक तक्ता आखला. आवारातली प्रत्येक गाडी, तिचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात तेलबदल: दर पाच हजार किलोमीटरला. सगळ्यांना सारखा न्याय. तेलही एकच, ‘सर्वोपयोगी’ नावाचं, पिंपावर हसणाऱ्या इंजिनाचं चित्र असलेलं. तक्ता वरून मंजूर होऊन आला, काचेत बसला, आणि त्या दिवसापासून गाड्यांनी तक्त्याप्रमाणे बिघडावं अशी अपेक्षा सुरू झाली.

प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी साहेबांनी एक चिकटपट्टी लावून घेतली: ‘पुढील तेलबदल ५००० कि.मी.’ पाळणागाडीत ती लावायला सपाट जागा नव्हती. होती ती एका गोल काचेवर. ती काच होती तासांच्या घड्याळाची. इंजिन किती तास चाललं, ते सांगणारं घड्याळ. कंपनीने मोठ्या विचाराने बसवलेलं, साहेबांनी त्याहून मोठ्या विचाराने झाकलेलं.

पाळणागाडी चालते किती? या चौकातून त्या चौकात. मग दिवसभर ती उभी राहते. इंजिन सुरू, पंप सुरू, लोखंडी हात वर-खाली. चाक हलत नाही आणि तेल उकळत असतं. दोन वर्षांत ती तेराशे किलोमीटर चालली होती. तक्त्याच्या दृष्टीने अगदी कोवळी.

आणि त्या हाताच्या टोकाला जो लोखंडी पाळणा, त्यात उभी राहून दिवे बदलणारी वायरमन म्हणजे मामांची लेक. ती जागा तिने भांडून मिळवली होती. चार पुरुषांनी उंची पाहून हात जोडले होते. हिने वर गेल्यावर शीळ घातली होती. पाळण्यात झोपायचं वय गेलं तरी बापाची पोर अजून पाळण्यात, असं टँकरवाले म्हणायचे. ती म्हणायची, “तुम्ही या की वर. रडलात तर बाबा झोका देतील.”

एका दुपारी ती आवारात परतली आणि बापासमोर उभी राहिली.

“बाबा, दिवा वर सरकतोय.”

“दिवा सरकत नसतो. तुझी उंची कमी झाली असेल.”

“मस्करी नाही. आधी दिवा कोपरापाशी होता. स्क्रू काढेपर्यंत टाचा उंचवाव्या लागल्या. पाळणा खाली बसतोय.”

मामा दुखावले. गाडीत दोष असेल आणि आपल्या नाकाला कळला नसेल, हे त्यांना पोरीच्या जिवापेक्षाही आधी टोचलं. माणूस मोठा असला तरी क्रम चुकतो. त्यांनी कुरकुरत पाळणा भिंतीच्या कडेने वर नेला, आत वाळूची दोन पोती ठेवली, तळाच्या रेषेत भिंतीवर खडूची खूण केली आणि चहा मागवला. चहा संपला तेव्हा पाळणा खुणेच्या खाली एक वीत उतरला होता. कुणी हात लावला नव्हता. इंजिनाचा आवाज नव्हता. इतक्या शांतपणे उतरला, की तेच भयंकर वाटलं.

मामांनी टाकीत काडी बुडवली. रोज सकाळी ते थंड तेल वरवर हुंगत होते. आज काडी तळापर्यंत गेली. वर आलं ते तेल नव्हतं, दूध जास्त झालेला चहा होता. चिमटीत घोळलं तर कण बोचले. पाणी आणि माती. ती माती झडपेत अडकलेली. झडप नीट मिटत नाही म्हणून तेल मागे झिरपतं, आणि तेल झिरपतं म्हणून वरचा माणूस खाली येतो. आज वीतभर येतो. झडप पुरती उघडी अडकली तर एकदमच येईल.

त्यांनी चिमटी पुसली. बराच वेळ पुसली.

वरच्या खोलीत ते उभे राहिले तेव्हा साहेब तक्त्याची काच पुसत होते.

“साहेब, पाळणागाडीचं तेल बदलायचंय. टाकी धुवायची, गाळणी नवी, झडप साफ. एक दिवस गाडी कामावरून सोडवा.”

साहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. “तेराशे झालेत मामा. अजून सदतीसशे बाकी.”

“चालली तेराशे. राबली चोवीसशे तास. तुमची पट्टी सोलून बघितलं मी. कंपनीच्या पुस्तकात हजार तासांना तेलबदल दिलाय.”

“मग उद्या सगळेच तास मोजायला लागतील. तक्त्यात तासांचा रकाना नाही.”

“पाळणा खाली येतोय साहेब. वर माझी पोर असते.”

“माझी सहानुभूती आहे,” साहेब म्हणाले, आणि ती खरंच होती; फक्त तिलाही रकाना नव्हता. “तुमची मुलगी घाबरत असेल तर तिला टपालाच्या टेबलावर घेऊ. एका दिवसासाठी शहराचे दिवे बंद ठेवता येत नाहीत. किलोमीटर पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी तेल.”

लेकीला टपालाचं टेबल सुचवणं म्हणजे घारीला खुराड्यात जागा देणं. ती नाही म्हणणार, आणि सोमवारी बंदराकडच्या उंच खांबावर चढणार, हे मामांना ठाऊक होतं. मामा फार नम्र झाले. मामा नम्र झाले की आवारातली माणसं दोन पावलं मागे सरकायची. साहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

“किलोमीटर पूर्ण केले की नक्की?”

“नक्की म्हणजे? नियम आहे.”

“तेवढं लिहून द्या साहेब. किलोमीटर पूर्ण करण्यासाठी गाडी मिस्त्रीच्या ताब्यात.”

साहेबांना लिहायला आवडायचं. त्यांनी लिहिलं, सही केली, सहीखाली रेघ ओढली.

सोमवारी सकाळी पाळणागाडीची मागची चाकं जमिनीपासून चार बोटं वर होती. खाली लाकडाचे ठोकळे, पुढच्या चाकांना दगड. मामांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, काटा साठावर आणून पॅडलवर वीट ठेवली, आणि शेजारी स्टूल टाकून बसले. चाकं हवेत धावू लागली.

“मामा, कुठपर्यंत पोचलात?” टँकरवाले विचारायचे.

“समुद्र ओलांडला.”

लेक दिवसातून दहा वेळा यायची. “बाबा, तेलाला एक दिवस मिळत नाही, आणि ह्या तमाशाला आठ दिवस?”

“तमाशाला रकाना आहे, पोरी. आणि आठ दिवस तू जमिनीवर आहेस. बस. चहा पी.”

तिने कप उचलला. आठ दिवस बंदराकडच्या रस्त्यावर अंधार होता. तक्रारी आल्या. साहेबांनी प्रत्येकीला उत्तर पाठवलं, की वाहन नियमानुसार धावत आहे. ते एकदा खाली येऊन पाहूनही गेले. हवेत गरगरणाऱ्या चाकांकडे त्यांनी बघितलं, मीटरकडे बघितलं, आणि समाधानाने म्हणाले, “प्रगती चांगली आहे.”

नवव्या दिवशी आकडा भरला. मामा चिठ्ठी घेऊन भांडारपालाकडे गेले. भांडारपाल म्हणजे तेलाच्या कोठीचा राखणदार, तीस वर्षांचा दोस्त आणि त्याहून जुना कटकट्या.

“सर्वोपयोगी देऊ?” तो डोळा बारीक करून म्हणाला.

“ते इंजिनात ओत, नाहीतर साहेबांच्या दाराच्या बिजागरीत ओत. पहाटेच्या गारठ्यात ते काकवीसारखं बसतं, पंप उपाशी किंचाळतो. मला हायड्रॉलिकचं सेहेचाळीस नंबर पाहिजे.”

“ते तक्त्यात नाही.”

“माहीत आहे.”

“तक्ता येण्याआधीचं एक सीलबंद पिंप मागे आहे. पण ते तक्त्यात नाही, म्हणजे ते नाहीच.” भांडारपालाने किल्ली काढली. “जे नाहीच, ते तुला दिलं तर माझ्याकडचं कमी कसं होईल?”

मामांनी सील तोडलं, थेंब चिमटीत घेतला आणि डोळे मिटले. मधासारखं स्वच्छ. मामा पिंप ढकलत चालू लागले.

टाकी दोनदा धुतली. झडपेतून निघालेली माती त्यांनी कागदावर घेतली; चिमटीभरच होती. मग पुन्हा भिंत, पुन्हा वाळूची पोती, पुन्हा खडू. या वेळी चहाचे दोन कप झाले, जेवण झालं, जेवणानंतरची सुपारी झाली. पाळणा खुणेवर बसला होता, हट्टी पोरासारखा.

मामांचा शेवटचा दिवस आला. साहेबांनी भाषण केलं. मामांची शिस्त वाखाणली, आणि एक नवा रकाना जाहीर केला: जी वाहनं उभ्याने काम करतात, त्यांची चाकं दरवर्षी आठ दिवस हवेत फिरवून किलोमीटर पूर्ण करावेत. ‘मिस्त्री पद्धत’ असं नावही दिलं. टाळ्या झाल्या. एकतीस वर्षांच्या कामातून मागे राहिलं ते हे. मामांनी एकदाच विचारलं, “साहेब, त्यापेक्षा घड्याळावरची पट्टी कायमची सोलली तर?” ते टाळ्यांत बुडालं.

दुपारी मामा डबा घेऊन फाटकाबाहेर पडले. साहेबांनी पाहिलं नाही. ते फूटपट्टीने रेघ ओढत होते. भांडारपाल कोठीच्या दारात उभा राहिला, पण फाटकाकडे पाठ करून. त्याला डोळ्यांचा काहीतरी त्रास आहे म्हणे.

समोरच्या रस्त्यावर पाळणा पुरता वर गेला होता. लेक आत उभी होती, दिवा तिच्या कोपरापाशी, पाय पूर्ण टेकलेले. ती हातातलं काम सोडून बघत होती. मामा खांबाखालून गेले तेव्हा त्यांनी वर मान केली नाही. पुढच्या वळणावर थांबले, बोटं चिमटीत घोळली, नाकाशी नेली. मग कोपऱ्याआड गेले.

तिने खाली पाहिलं. पाळणा होता तिथेच होता. तिने शीळ घातली आणि स्क्रू फिरवायला घेतला.