पाकिटासकट जुना बल्ब

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला, टायरवाला आणि रसवंती यांच्या मधल्या आठ फुटांत अकीलचं दुकान आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्यावर त्याने सुरुवातीला स्वतःच ब्रशने लिहिलं होतं: 'गाडीचे लाइट. एलईडी बसवून मिळेल. पसंत नसल्यास सहा महिन्यांत पैसे परत.' बाजूचा टायरवाला तुळशीराम याच्या मते ही शेवटची ओळ म्हणजे धंदा बुडवायची तयारी होती. प्रत्यक्षात तीन वर्षांत चौघांनीच पैसे परत मागितले आणि चौघांनाही ते मिळाले.

स्कूटरचा पिवळा बल्ब काढून पांढरा एलईडी लावणं हे बघणाऱ्याला पाच मिनिटांचं काम वाटतं. पण जुन्या स्कूटरच्या पुढच्या दिव्याला करंट बॅटरीतून येत नाही, थेट इंजिनातून येतो. गाडी हळू झाली की दिवा मंदावतो, रेस केली की भगभगतो. पिवळ्या बल्बला हे चालतं. एलईडी थरथरतो आणि महिनाभरात मरतो. म्हणून अकील आधी दिव्याची वायर सोडवून बॅटरीकडे वळवतो आणि सांध्यावर दोनदा टेप गुंडाळतो. इंडिकेटरला एलईडी लावले की ते घाई झाल्यासारखे लुकलुकतात, म्हणून लुकलुकण्याचा वेग ठरवणारा त्यांचा फ्लॅशरही बदलतो. या सगळ्याला तासभर लागतो. मोठ्या गावात हेच काम दहा मिनिटांत होतं आणि पुढच्या महिन्यात तीच गाडी अकीलकडे येते.

काढलेला बल्ब तो गिऱ्हाइकाला परत देतो, तोही कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात घालून. हे पाकीट जाड असतं, त्याला ओल लागत नाही, आणि पेरणी झाली की शेताच्या बांधावर, धुऱ्याधुऱ्यावर फुकट सापडतं. पाकिटावर तो मार्करने गाडीचा नंबर, तारीख आणि 'पुढचा, ३५ वॅट, चालू' असं लिहितो. 'चालू' लिहिण्याआधी बल्ब बॅटरीला लावून बघतो. न बघता काही लिहायचं नाही, असा त्याचा स्वभाव आहे. या स्वभावाचं गावात कौतुक होतं आणि चेष्टाही होते.

अकीलच्या नावावर अडीच एकर कोरडवाहू शेती आहे. २०१७ च्या जूनमध्ये त्याने पंजाबरावांच्या कृषी केंद्रातून बीटी कपाशीच्या दोन पिशव्या घेतल्या. वाणाला मागणी होती. ज्याला तो वाण हवा त्याने पावती मागू नये, असा त्या दुकानाचा रिवाज होता. अकीलने तो पाळला. एक रिकामं पाकीट त्याच्या बायकोने, मुबीनाने, चूल पेटवायला वापरलं. दुसरं त्याने दुकानात आणून ठेवलं. ऑगस्टमध्ये पंजाबराव आपली स्कूटर घेऊन एलईडी बसवायला आले, तेव्हा हाताशी तेच पाकीट होतं. त्यांचा जुना बल्ब त्यांनीच विकलेल्या बियाण्याच्या पाकिटात बसून त्यांच्या घरी गेला.

नोव्हेंबरात बोंडं किडकी निघायला लागली. बोंडअळीला फवारणी लागणार नाही या भरवशावर लोक पंधरा वर्षं बीटी लावत होते. आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी बसलेली असे. कृषी कार्यालयात नुकसानभरपाईसाठी तक्रारी घेणं सुरू झालं. अकील दुकान बंद ठेवून गेला. खिडकीत शेषराव नावाचे कारकून होते.

"बियाण्याची पक्की पावती?"

"नाही."

"मंग पाकीट? त्याच्यावर लॉट नंबर असते. त्याच्याबिगर अर्ज कोणाच्या नावानं घेऊ मी?"

"पाकीट होतं."

"होतं तं सगळ्यायचंच," शेषराव म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

त्या आठवड्यात पंजाबरावांच्या दुकानातही लोक जात होते. पंजाबराव कोणाशी भांडत नव्हते. "पाकीट आणा, मंग बोलू," एवढंच म्हणत आणि समोरच्याला चहा पाजत.

अकीलने घरी हिशेब मांडला. पाकीट पंजाबरावांच्या घरी होतं. मागायला गेलो तर ते कशाला हवंय हे त्यांना कळणार, आणि कळलं की ते सापडणार नाही. मुबीनाला या गोष्टीत हसण्यासारखं काहीतरी दिसलं. "लोगां के बल्ब संभाले, अपनी थैली नै संभाली," ती म्हणाली. तक्रार घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

मुदतीला सहा दिवस उरले असताना पंजाबराव स्वतःच दुकानापुढे येऊन थांबले. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेला पिवळा बल्ब काढला.

"काय बे अकील, तुहा लाइट काही कामाचा नाही. रस्ता पांढराफक दिसते, खड्डा दिसत नाही. समोरचा शिव्या देते ते वेगळंच."

"लाइटचं तोंड थोडं खाली करून देतो, काका. दोन मिनिटं."

"नको. जुनाच लाव अन् पैसे दे. बोर्डावर लिहेल आहे ना, का शोभेले लावला?"

"लिहेल आहे. कोणत्या तारखेले बसवला होता?"

"मले काय माहीत? तुले माहीत."

"पाकिटावर लिहेल असते. पाकीट आणा."

"बल्ब आणला ना मी."

"बल्ब सगळे सारखेच दिसते, काका. हा तुमचाच कशावरून? पाकिटावर नंबर आहे, तारीख आहे. त्याच्याबिगर मी सहा महिने कुठून मोजू?"

"एका रिकाम्या पाकिटासाठी मले घरी धाडून राह्यला का तू?"

तुळशीराम टायरमधली हवा तपासत होता. तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या ना पंजाबराव, साडेतीनशे रुपयांसाठी काय फेरा मारता. तुमाले काय कमी आहे?"

पंजाबरावांनी गाडीला किक मारली. वीस मिनिटांत ते पाकीट घेऊन परत आले. अकीलने तारीख वाचली, वायर पुन्हा इंजिनाकडे वळवली, पिवळा बल्ब बसवला, इंजिन चालू करून तपासला आणि साडेतीनशे रुपये मोजून दिले. पाकीट गल्ल्यात ठेवलं. पंजाबरावांनी तिकडे पाहिलंही नाही. अशी हजार पाकिटं त्यांच्या हातून गेली होती. संध्याकाळी अकीलने ब्रश काढला आणि बोर्डावर 'पैसे परत'च्या पुढे 'पाकिटासकट जुना बल्ब आणल्यास' एवढे शब्द वाढवले. न लिहिलेली अट आपण लावली, हे त्याला दिवसभर टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी शेषरावांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"लॉट नंबर दिसते. हा दुसरा नंबर कायचा, एमएच अठ्ठावीस?"

"स्कूटरचा."

"कोणाच्या?"

"पंजाबरावांच्या. बियाणं विकणाऱ्याच्या."

शेषरावांनी थोडा विचार केला आणि 'विक्रेता' या रकान्यात पंजाबरावांचं नाव लिहिलं.

"तसं नाही साहेब, तो नंबर तं मी बल्बसाठी—"

"गप राय," शेषराव म्हणाले. "आयुष्यात एकदा तं गप राय." आणि त्यांनी शिक्का मारला.

बारा दिवसांनी समिती शेतात आली. तालुक्याचे कृषी अधिकारी, विद्यापीठातले एक तज्ज्ञ आणि बियाणं कंपनीचा माणूस. विक्रेता म्हणून पंजाबरावांनाही बोलावलं होतं. अधिकाऱ्यांच्या हातातल्या पाकिटावर आपल्या स्कूटरचा नंबर दिसल्यावर ते अकीलपासून लांब जाऊन उभे राहिले. तज्ज्ञांनी वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडायला लावली. धुऱ्यावर बसून ती एकेक फोडली. अळी कोणती आहे हे कोणालाच विचारावं लागलं नाही. कंपनीच्या माणसाने अळीबद्दल वाद घातला नाही. तो सौजन्याने म्हणाला, "या पिशवीबरोबर एक लहान पाकीटही येतं. एकशेवीस ग्रॅमचं, साध्या कपाशीचं. ते बीटीच्या कडेने लावायचं असतं, म्हणजे अळी बीटीला सरावत नाही. ते लावलं नसेल तर कंपनी भरपाई देत नाही. तुम्ही ते लावलं होतं का?"

"नाही."

कृषी अधिकारी गावाकडचे होते. ते म्हणाले, "नीट आठवा अकीलभाई. कडेनं दोन-तीन ओळी लावल्या असतील. सगळे लावतात."

अकीलने कडेकडे पाहिलं. "कडेले तूर आहे साहेब. ते लहान पाकीट आमी फेकलं. सगळेच फेकतात. घेताना काकाच म्हणाले, याचं काही काम नाही."

पंजाबराव तुरीच्या शेंगा पाहू लागले. कंपनीच्या माणसाने वहीत एक ओळ लिहिली. ती काकांबद्दल नव्हती.

पंचनामा तिथेच, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिला गेला. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवला: तपासलेली बोंडे वीस, प्रादुर्भावित सतरा, साध्या कपाशीच्या ओळी लावल्या नसल्याचे शेतकऱ्याने मान्य केले. मग पेन पुढे केला. अकीलने कागद हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"चुकलं आहे," तो म्हणाला.

कंपनीचा माणूस जरा सावरून उभा राहिला. "काय चुकलं?"

"सतरा नाही, अठरा."

बोंडं धुऱ्यावर पडलेलीच होती. तज्ज्ञांनी खाली बसून परत मोजली. अठरा निघाली. अधिकाऱ्यांनी सतरा खोडून अठरा केले आणि बाजूला आद्याक्षरं घातली. साध्या कपाशीच्या वाक्यात चूक नव्हती. अकीलने त्याखाली सही केली.