राजा आमच्या ह्यांच्यासारखा

मागच्या वर्षी माझ्यामुळे दहावी ‘ब’च्या अख्ख्या वर्गाला नाटकाच्या प्रश्नात शून्य मिळालं. माझं वयच लहान होतं हो, अडुसष्ट. त्या वयात अक्कल कमी आणि उत्साह फार, त्याला कोण काय करणार? (तुम्ही अडुसष्टचे असाल तर रागावू नका. पुढच्या वर्षी कळेल.)

सुरुवात माझ्या संतापानं झाली. नात गार्गी बाजारातलं गाईड मोठमोठ्यानं पाठ करत होती. अभ्यासाला एक जुनं पौराणिक नाटक होतं. त्यात राजा सगळ्यांना शब्द देतो, प्रधान भांडणं लावतो, राणी रुसून बसते. इतकं खमंग प्रकरण, आणि गाईडात काय? ‘राजा हा धीरोदात्त व उदारमनस्क आहे.’ मी विचारलं, उदारमनस्क म्हणजे काय गं?

“माहीत नाही आजी. पण दोन मार्काला येतं.”

माझं डोकंच फिरलं. इतकं सपक मी जन्मात कुणाच्या ताटात वाढलं नाही! गाईड रद्दीत टाकलं, पदर खोचला आणि स्वतःच गाईड लिहायला बसले.

माझी पद्धत सोपी. नाटकातलं माणूस कळायला ओळखीचं माणूस दाखवायचं. राजाखाली लिहिलं, ‘राजा अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. ज्याला त्याला हो म्हणायचं आणि निस्तरायची वेळ आली की पेपर तोंडापुढे धरायचा.’ प्रधानाला मी ह्यांच्या थोरल्या बहिणीचं रूप दिलं. ‘प्रधान म्हणजे आमच्या श्रीरामपूरच्या कुसुमवन्सं. एका घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे आणि तिसऱ्या घरी भांडण.’ गार्गी हसून गडाबडा लोळली. नाटक तिला एका संध्याकाळी कळलं, आणि मी स्वतःला विद्यापीठ समजायला लागले.

गार्गीनं पानांचे फोटो मैत्रिणीला पाठवले, मैत्रिणीनं वर्गाच्या ग्रुपवर टाकले. आता आपली पोरं कशी, तुम्हाला माहीत आहे. (गाईड समजून घ्यायचं नसतं, पाठ करायचं असतं.) काना-मात्रा न सोडता सगळ्यांनी पाठ केलं!

शाळेत तपासलेले पेपर पालकांना दाखवायचा दिवस आला. मुलगा-सून कामावर. नेमक्या वन्सं आमच्याकडे सावेडीला मुक्कामाला. शहाण्या बाईनं त्यांना दुपारची झोप घेऊ दिली असती. मी म्हटलं, चला वन्सं, रिक्षानं जाऊ, माझ्या गाईडची कमाल तरी बघा.

वर्गात पालक पोरांसह दाटीनं बसलेले आणि मराठीच्या बाई लालबुंद. त्यांनी नुकतंच मिसरूड फुटलेल्या एका आडदांड पोराला उभं केलं आणि त्याचं उत्तर वाचलं, “राजा अगदी आमच्या ह्यांच्यासारखा.” मग थंडपणे म्हणाल्या, “तुझे हे कुठं असतात रे?”

पोराचा टेम्पोवाला बाप मागून म्हणाला, “व्हय रं, लगीन कवा केलंस? आमाला कळिवलं न्हाई.”

वर्ग खदखदून हसला, बाई नाही. सगळ्या वर्गाचे हे तेच आणि वन्संही त्याच, म्हणाल्या. सरसकट कॉपी, म्हणून सरसकट शून्य. बोर्डाला जाणारे अंतर्गत गुणही त्यातच बुडणार. गार्गी पांढरीफटक पडली. मग बाईंनी चष्मा काढला. “मला फक्त एवढं सांगा, ह्या श्रीरामपूरच्या कुसुमवन्सं कोण?”

वन्सं उठल्या. “मी.” आणि माझ्याकडे बोट केलं. “आणि लिहिणारी ही.”

मी माघार घेते काय? म्हटलं, बाई, पोरांना नाटक कळलं ते बघा की. त्या म्हणाल्या, “आजी, कळलं असतं तर प्रत्येकानं आपल्या घरचं माणूस घातलं असतं. तुमच्या घरचं नाही.”

ह्यावर मी जास्तच चिडले. शेवटी बाई पुन्हा पेपर घ्यायला तयार झाल्या. पण माझं एक वाक्य जरी दिसलं, तरी शून्य कायम!

घरी आल्यावर सूनबाई माझ्याशी बोलेना. ह्यांनी तोंडापुढचा पेपर खाली ठेवून मला जाब विचारला. वन्संनी माझ्या हातचं जेवण नाकारून वडापाव मागवला. मीही सगळ्यांवर धुमसत होते. गार्गीला मदत करायला गेले, तर तिनं दाराला आतून कडी घातली.

तिनं पेपर एकटीनं दिला. राणीचं व्यक्तिचित्र विचारलं होतं. पैकीच्या पैकी मार्क! उत्तर वन्संनी सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचलं, माझ्याकडे बघत. ‘राणी माझ्या आजीसारखी आहे. आग स्वतः लावते आणि विझवायला कुणी धावलं नाही की रुसून बसते.’

खाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘उदाहरण चपखल. आजींना प्रत्यक्ष भेटले आहे.’