स्ट्राँग, माइल्ड आणि जवाचं पाणी

मी आयुष्यात दोनदाच झिंगलो, आणि दोन्ही वेळा सासऱ्यांच्या देखत.

तेव्हा मी दौंडला राहायचो आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो. एमआयडीसीत नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. पांढरा कोट घालून काचेच्या नळीकडे डोळे बारीक करून बघणारा माणूस शास्त्रज्ञच असतो, असा माझ्या सासुरवाडीचा, म्हणजे न्हावऱ्याचा, पक्का समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही. (जावयाजवळ तेवढंच तर भांडवल असतं!) माझा मेहुणा बाळू त्याच कंपनीत ऑपरेटर होता. आठवडाभर तो आमच्याकडेच राहायचा आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून माझं शास्त्र उसवायचा.

बाळूचा सिद्धांत असा, की प्रत्येक बियरची नशा वेगळी.

"दाजी, स्ट्राँग पोटात गेली की मानूस भांडतो. आन् माइल्ड गेली की माया करतो. आपला अनुभव हाय."

"अरे, दोन्हीत इथेनॉलच! एकीत जरा जास्त, एकीत जरा कमी. भांडायचं का रडायचं ते बाटली ठरवत नाही, पिणारा ठरवतो."

"तुमाला कंची चढती?"

"मला?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मला कुठलीच चढत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं, कारण मी थेंबालाही कधी शिवलो नव्हतो. पण लॅबमध्ये इतकी वर्षं इथेनॉल हुंगल्यावर, पिण्यासारखी किरकोळ गोष्ट करून बघायची मला गरज वाटत नव्हती.

अशात मामांना मुतखडा झाला. मामा म्हणजे माझे सासरे. धिप्पाड माणूस, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. डेअरीत दुधाला फॅट कमी लागली की ते चिडत, आणि जास्त लागली की "मग काल का कमी लावली?" म्हणून चिडत. तो माणूस उपरण्याचा बोळा तोंडात धरून अंगणात गडबडा लोळताना मी पाहिला. आम्ही त्यांना शिरूरला डॉक्टरांकडे नेलं.

"खडा मोठा आहे," डॉक्टर म्हणाले. "भरपूर पाणी प्या. जवाचं पाणी द्या ह्यांना. दोन-तीन आठवडे बघू. नाही पडला तर पुण्याला ऑपरेशन."

"आपरेशन?" मामा खुर्चीतून उठले. "फाडायला म्या काय जुनं धोतर हाय का?"

आणि ते ताडताड चालत एसटी स्टँडवर गेले. मागे राहिलेल्या मला आणि मामींना डॉक्टर हळूच म्हणाले, "खडा तसाच राहिला तर किडनी जाईल. कसंही करून त्यांना तयार करा." परतीच्या एसटीत मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मागच्या सीटवरून बाळू माझ्या कानाला लागला. "दाजी, डॉक्टर काय म्हनला ते समजलं का? जवाचं पानी!"

"मग?"

"बियर कशाची करत्यात?"

"जवाची."

"मग डॉक्टर बाईमानसापुढं बियर म्हनंल व्हय? सभ्य मानूस हाय त्यो. कोडवर्डमंदी बोलला! आमच्या शिफ्टमंदी सगळे म्हनत्यात, खड्याला बियरच लागू पडती."

मी क्षणभर विचार केला आणि शास्त्रज्ञाच्या आवाजात म्हणालो, "तत्त्वतः बरोबर आहे."

त्या घराचं पुढे जे काही झालं, ते या दोन शब्दांनी झालं.

रविवारी बाळू मोटरसायकलला पोतं बांधून आला. वर कोथिंबिरीच्या जुड्या, खाली चार बाटल्या. स्ट्राँग.

"माइल्ड का नाही आणलीस?" मी विचारलं.

"दगूड फोडायचाय, दाजी! माइल्डनं काय त्याला आंघूळ घालायची?"

मामांनी बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्या जन्मात ह्याला शिवलो न्हाई. एकटा पेनार न्हाई. पाव्हनं घेत असतील तर घेतो."

झालं! बापासमोर बाळूला घेता येईना. ओसरीच्या पलीकडे जाऊन तो पाठ करून उभा राहिला. त्या घरात बियरची चव ठाऊक असलेला एकमेव माणूस असा रिवाजाने बाद झाला. उरलो आम्ही दोघं, एक अडाणी आणि एक शास्त्रज्ञ. माझी बायको सुमन दारातून माझ्याकडे अशी बघत होती, की खडा मला असता तर तिथेच पडला असता.

"मामी, घाबरू नका," मी म्हणालो. "हे डॉक्टरांनी सांगितलेलं जवाचं पाणी."

"आसंल," मामी म्हणाल्या. "पर बाटली माझ्या घरात दिसायची न्हाई. लोकं काय म्हंतील? म्या तांब्यात आनते."

बाळूने दाढेने बुचं उडवून दिली आणि मामी बाटल्या घेऊन आत गेल्या. बराच वेळ लागला. मग फेसाळलेला तांब्या आणि दोन पेले घेऊन त्या बाहेर आल्या. तांबूस रंग. वर बोटभर फेस. गोठ्याच्या बाजूने आंबूस वासही आला. तो गोठ्याच्या बाजूने का येतोय, हे तपासावं असं माझ्या तरबेज नाकाला वाटलं नाही.

पहिला पेला जरा गोडसर लागला. "चांगली बियर जरा गोडसरच असते," मी मामांना सांगितलं.

दुसऱ्या पेल्याला माझे कान गरम झाले. तिसऱ्याला ओसरीचा खांब हलकेच डावीकडे सरकला. आणि मामा भडकले! आधी डेअरीवर, मग बाळूवर, मग चार वर्षांपूर्वी आमच्या लग्नात माझ्या काकांनी मांडवात मागून घेतलेल्या तिसऱ्या जिलबीवर.

"काकांचं नाव काढायचं नाही!" मी ओरडलो. मी! ज्याने त्या घरात आजवर चहात साखर कमी आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं. "आणि ऑपरेशनला भिता ते भिता, वर आमच्यावर ओरडता!"

"कोन भितो? ह्यो गडी भितो?"

"तुम्ही! तुम्ही भिता!"

तेवढ्यात गोठ्यात धाडकन आवाज झाला. आमची गरीब स्वभावाची चंद्री म्हैस दावं तोडून बादली उडवत परसात नाचत होती. सगळे तिकडे धावले, मी खांबाला धरून राहिलो. पलीकडून बाळूचा आवाज आला, "बघा दाजी! स्ट्राँग!"

पुढच्या रविवारी मी हट्टाने माइल्ड आणवली. मला बाळूचा सिद्धांत पाडायचा होता. पुन्हा चार बाटल्या, पुन्हा मामींचा तांब्या, पुन्हा फेस. मागच्या रविवारपासून मामा माझ्याशी बोलले नव्हते. खडा होता तिथेच होता, आणि मामी दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या.

दोन पेले झाले. मी भांडायच्या तयारीने बाह्या सावरून बसलो होतो. मामा पेल्यात बघत राहिले.

"पाव्हनं," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी खरं बोललात. मला भ्या वाटतंय."

मी पेला खाली ठेवला.

"पोट फाडत्यात. त्यातनं मानूस उठला तर उठला. म्या गेलो तर ही कुनाकडं बघंल? हिला तर शिरूरला एकटीला जाता येत न्हाई. म्या कवा शिकूच दिलं न्हाई." मग मान वर करून त्यांनी दाराकडे पाहिलं. मामी चौकटीला टेकून उभ्या होत्या. "कौसल्ये, हिकडं ये. बस हितं."

सुमनने तोंडावर हात ठेवला. सगळं आयुष्य 'ऐकलं का' आणि 'बाळूची आई' यावर निभावलं होतं त्या माणसाने! बायकोचं नाव त्यांच्या पोरांनीसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मामी येऊन पायरीवर टेकल्या, मान खाली घालून, नव्या नवरीसारख्या. मामांनी घसा खाकरला आणि चक्क उखाणा घेतला:

"डेअरीमंदी म्हशीला फॅट लागती सहा, कौसल्येचं नाव घेतो, डोळं भरून पाहा!"

मी रडलो. लपवत नाही, हुंदके देऊन रडलो. आणि मग माझ्याही जिभेचा ताबा सुटला:

"इथेनॉलला उकळी फुटते अठ्ठ्याहत्तर डिग्रीवर, सुमनचं नाव घेतो मामांच्या पायरीवर!"

मामांनी माझ्या पाठीत थाप मारली. "जातो म्या पुन्याला. करतो आपरेशन. पर कौसल्या संगं पायजे." मामी पदरात डोळे पुसत "व्हय, व्हय" एवढंच म्हणत राहिल्या. पलीकडे पाठ करून उभा असलेला बाळूही नाक ओढत होता.

"बाळू," मी म्हणालो, "तू जिंकलास. स्ट्राँगची वेगळी, माइल्डची वेगळी. शास्त्र हरलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मोठेपणाने मामींना विचारलं, "पुण्याला जाईपर्यंत बियर पुरेल ना, का आणखी आणायची?"

"कसली बियर?"

"तेच हो, जवाचं पाणी. बाटलीतलं."

"आगं बया, ते?" मामींनी नाकाला पदर लावला. "ते तर नासलं व्हतं! दोन्ही डाव नासकंच आनलं ह्या पोरानं. फेस काय, वास काय! म्या समदं चंद्रीच्या आंबोणात वतलं. तुमाला घरीच करून दिलं. जव भाजायचं, उकळायचं, गाळायचं, वाईच गूळ घालायचा, आन् चहावानी वर-खाली करायचं, फेस येस्तवर."

माझा चहा बशीतच राहिला. बाळू पुढे सरकला. "आये, चंद्रीला दोनी डाव वतलं?"

"व्हय की. पयल्या डावाला दावं तोडून नाचली. काल मातूर गरीबावानी बसून माझा हात चाटत व्हती."

"म्हंजी स्ट्राँगला भांडली आन् माइल्डला माया केली!" बाळू ओरडला. "दाजी!"

(चार बाटल्यांनी म्हशीला काय होणार, हे मला सांगता आलं असतं. पण त्या घरात शास्त्रावर बोलायचा माझा हक्क आदल्या संध्याकाळीच संपला होता.)

"आणि मामी," मी चाचरत विचारलं, "आम्ही असे वागत होतो, तर तुम्हाला काय वाटलं?"

"ह्यांच्या डोक्यात कळ गेली आसंल म्हनलं. आन् तुमचं बघून वाटलं, जावयाला बी खडा झाला."

आम्ही सगळे भीतभीत मामांकडे वळलो. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार, ऑपरेशनही रद्द! मामा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले.

"म्हंजी काल म्या शुद्धीवर हुतो?"

"व्हय," मामी पुटपुटल्या.

"मग बोललो ते बोललो. कौसल्ये, च्या दे."

पुण्याला ऑपरेशन नीट पार पडलं. मामी सगळे दिवस उशाशी होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षं, संध्याकाळी मनात काही मऊ बोलायचं आलं की मामा आत आवाज द्यायचे, "कौसल्ये, जवाचं पानी आन गं!" आणि आम्ही सगळे समजून परसात निघून जायचो.

मी मात्र पुढे एकदा कंपनीच्या पार्टीत, बाळूच्या आग्रहाने, खरीखुरी बियर प्यायलो. कडू लागली. दोन पेले झाले तरी खांब जागचा हलला नाही, ना भांडावंसं वाटलं, ना रडू आलं. मी पेला बाजूला सारला आणि वेटरला बोलावून शास्त्रज्ञाच्या आवाजात सांगितलं, "ही भेसळीची आहे. अस्सल माल फक्त आमच्या सासूबाईंकडे मिळतो."