काकांची एप्रिलमधली होळी

इथे अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत. नोकरीत त्यांनी जन्मभर मोटारींचे ब्रेक डिझाइन केले, स्वतःला मात्र एकही बसवून घेतला नाही. बरोबरीचे लोक मोठमोठी घरं घेत होते तेव्हा यांनी तासाभरावरची, वाळू-खडी काढून सोडून दिलेली एक खाण घेतली आणि तिथे जंगल उभं करायला निघाले. मातीचा पत्ता नाही, आणि लावलेलं रोप हरणं फस्त करणार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! लोक म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. काका दर शनिवारी जात राहिले. तबेल्यांतलं शेणखत आणि लोकांच्या अंगणातली पानं गाडीत भरून नेत, ओकच्या बिया वेचून परसात रोपं करत. आज त्या झाडीत उभं राहिलं की हायवे ऐकू येत नाही. हुशार माणसं मी ढिगाने पाहिली, इतका चिवट माणूस दुसरा नाही.

ओकचं रान अधूनमधून जाळावं लागतं. वाळकं गवत आणि झुडपं जातात, जाड सालीची झाडं तगतात. त्यामुळे बर्फ वितळून गवत वाळलं की काका फायर डिपार्टमेंटची परवानगी काढून एकेक तुकडा पेटवतात. आमच्यासाठी तीच होळी. तिथी कधीच उलटलेली असते, पण पुरणपोळ्या येतात आणि मुलं “कॅन वी स्क्रीम नाऊ?” विचारून बोंब मारतात.

गेल्या वर्षी रत्नागिरीहून माझी आई आली होती. होळी आणि नारळ नाही, हे तिला पटेना. तिच्या गावी अख्खा नारळ आगीत टाकतात आणि भाजलेलं खोबरं प्रसाद म्हणून वाटतात. तिने इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ कुणाला न विचारता भिरकावला. तो फटाक्यासारखा फुटला. पेटते तुकडे, आग पसरू नये म्हणून मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यावरून उडाले आणि पलीकडच्या उतारावर पडले.

त्या उतारावरचे कोवळे ओक काकांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्टुलावर बसून लावले होते. “हा उतार शेवटचा. पुढे गुडघे नाही म्हणतात,” असं त्यांनी मला सांगितलं होतं. आम्ही पाणी घेऊन धावलो, पण तोवर हरणांपासून राखायला रोपांभोवती लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या वितळून गेल्या होत्या आणि आत काळ्या काड्या उरल्या होत्या.

“भाऊ, काय करून बसले मी!” आई म्हणाली.

काकांनी उताराकडे पाहिलं. “वहिनी, पोळ्या गार होतील,” एवढंच बोलले.

त्यानंतर आईने जेवण सोडायचंच काय ते बाकी होतं. दर शनिवारी मला ड्राइव्ह करायला लावून ती काकांच्या परसात जाई, कुंड्यांतल्या नव्या रोपांना पाणी घाली. काका चहा देत, आगीबद्दल चकार शब्द काढत नसत. मला त्यांचा रागच यायचा. म्हातारी रोज झुरतेय, दोन शब्द धीराचे बोलायला काय जातं?

मे संपताना ती रोपं घेऊन आम्ही उतारावर गेलो. जळकी काडी उपटायला आई वाकली आणि तशीच राहिली. काडीच्या बुडाशी नखाएवढी तांबूस पानं होती. पुढच्या काडीलाही होती. सगळ्यांना नाही, पण बहुतेकांना. आई खाली बसून हमसाहमशी रडली.

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिने काकांना विचारलं.

“ओक मुळातून फुटतो, हे ठाऊक होतं,” काका म्हणाले. “पण ही फारच लहान होती. तुम्हाला आशा लावली असती आणि नसती फुटली, तर तुम्हाला दोनदा लागलं असतं.”

इतके आठवडे ती काळजी त्यांनी एकट्याने वागवली होती. माझ्या रागाची मला लाज वाटली आणि या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आता गाडीतली रोपं परत न्यावी लागणार होती. मी तसं म्हटलंही. काका खाणीच्या तळाकडे बघत होते. तिथे पाण्यालगत अजून नुसती खडी आहे. ती त्यांनी मागून येणाऱ्या कुणासाठी तरी सोडून दिली होती.

“वहिनी, तिथे लावून बघू या?”

आईने डोळे पुसून पदर खोचला.

“आणि गुडघे?” मी विचारलं.

“त्यांना कोण विचारतंय,” म्हणत काकांनी स्टूल उचललं आणि ते उतार उतरू लागले.